मिथेन इंजिनांच्या कामासाठी आधी थंडीची चाचणी : एमआयडीसीला खुले पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ

आणि वागळे इस्टेट, टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) व तळोजा इथले लघुउद्योजक

विषय : ठाणे-बेलापूर पट्ट्यात द्रव नायट्रोजनवर चालणारे सामायिक चाचणी केंद्र

महोदय,

मागणी एकच आहे. टीटीसी औद्योगिक क्षेत्रात एक असे केंद्र उभारावे, जिथे व्हॉल्व्ह, सील, बेलोज (लवचीक घडीदार नळ्या), इंजेक्टर (इंधन आत सोडणारा भाग) आणि पाइपजोड उणे १९५ अंशांपर्यंत थंड करून तपासता येतील. त्या केंद्रात मिथेन नसेल, द्रव ऑक्सिजन नसेल आणि काहीही पेटवले जाणार नाही. तरीही मिथेनवर चालणाऱ्या रॉकेट इंजिनांचे काम इथल्या गाळ्यांपर्यंत यायचे असेल, तर पहिली पायरी तीच आहे. अर्जात ‘रॉकेट’ आणि ‘मिथेन’ हे दोन शब्द एकत्र दिसले की तो सुरक्षेच्या रकान्यात अडकून पडण्याची भीती असते, म्हणून तपशील उलगडून लिहितो आहोत.

आधी मिथेन हे इंधन कशासाठी, ते थोडक्यात. रॉकेटचे नेहमीचे इंधन असलेले केरोसिन इंजिनाच्या भिंतींतल्या बारीक वाहिन्यांमधून थंडावा देत फिरते तेव्हा जास्त तापले की त्याचा कोळसा बनतो आणि वाहिनीच्या आतून थर धरतो. थर धरला की उष्णता वाहून जात नाही आणि भिंत जळते. एकदाच उडणाऱ्या इंजिनात हे चालून जाते. तेच इंजिन पुनःपुन्हा उडवायचे असेल तर नाही. मिथेन यापेक्षा कितीतरी जास्त तापमान सोसते आणि काजळीही फारच कमी धरते. दुसऱ्या टोकाला हायड्रोजन आहे. त्याचा रेटा सर्वात किफायतशीर, पण एक घनमीटर द्रव हायड्रोजनचे वजन अवघे ७१ किलो, म्हणून टाक्या अवाढव्य होतात. शिवाय तो उणे २५३ अंशांवर राखावा लागतो. द्रव मिथेन घनमीटरला सुमारे ४२२ किलो भरते आणि उणे १६१.५ अंशांवर उकळते. शेजारच्या टाकीतला द्रव ऑक्सिजन उणे १८३ वर असतो. दोन्ही टाक्यांच्या तापमानात फरक फक्त वीस-बावीस अंशांचा, त्यामुळे मधली भिंत सामायिक ठेवता येते. टाकीत दाब राखायला मिथेनचीच वाफ वापरता येते, म्हणजे परदेशातून आणाव्या लागणाऱ्या हेलियमचा खर्च उतरतो.

चीनचे झुचे-२ हे मिथेनवर कक्षेत पोहोचणारे पहिले रॉकेट ठरले, १२ जुलै २०२३ रोजी. अमेरिकेच्या रॉकेटांपैकी जानेवारी २०२४ मध्ये व्हल्कनने, जानेवारी २०२५ मध्ये न्यू ग्लेनने तोच पल्ला गाठला. आपल्याकडे स्कायरूट या खासगी कंपनीच्या धवन-१ या इंजिनाची द्रवरूप नैसर्गिक वायू आणि द्रव ऑक्सिजनवरची ज्वलन चाचणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, तीही आपल्या राज्यात, नागपूरला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोच्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला ८,२४० कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि त्याच्यासाठी मिथेन-ऑक्सिजन इंजिनांचे काम हाती आहे. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या ‘विकास’ आणि क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावरच्या) इंजिनांचे काम वर्षानुवर्षे होत आले आहे. ही सगळी मागणी वागळे इस्टेटपासून फार लांब नाही.

मग अडते कुठे? अडते गळतीवर.

१२ ऑगस्ट २०२१ ला इस्रोची जीएसएलव्ही-एफ१० ही मोहीम अपयशी ठरली. क्रायोजेनिक टप्पा सुरू होण्याच्या वेळी हायड्रोजनच्या टाकीत पुरेसा दाब उरला नव्हता. चौकशी समितीने कारण दिले ते असे : टाकीवरचा व्हेंट अँड रिलीफ (जादा दाब सोडणारा) व्हॉल्व्ह गळत होता, त्याच्या मऊ सीलला इजा झालेली असण्याची शक्यता सर्वाधिक, आणि ती इजा व्हॉल्व्ह चालताना किंवा कचऱ्यामुळे आणि व्हॉल्व्हच्या बसवणीवर थंडीत आलेल्या ताणामुळे झालेली असू शकते. म्हणजे प्रश्न इंजिनाच्या गाभ्यातला नव्हता. एका व्हॉल्व्हमधल्या सीलपाशी सगळी मोहीम थांबली. १६ जानेवारी २०२५ ला स्पेसएक्सच्या स्टारशिपच्या सातव्या उड्डाणात अपेक्षेपेक्षा जास्त कंपने उठली, इंधनवाहिन्यांत गळती झाली, इंजिनांच्या वरच्या पोकळीत आग लागली आणि यान गेले. ज्वलनाचे शास्त्र संशोधन संस्था सांभाळतात. सील, फ्लँज (पाइपाच्या टोकाची, बोल्टने जोडायची चकती), वेल्ड आणि स्वच्छता हे मात्र कारखान्याचे काम आहे, आणि ते इथल्या गाळ्यांमध्ये होऊ शकते. फक्त थंडीत तपासल्याशिवाय कोणी ते विकत घेणार नाही.

खोलीच्या तापमानाला उत्तम बसणारा जोड उणे १६० ला का गळतो, हे आकड्यांतच पाहू. स्टेनलेस स्टील खोलीच्या तापमानापासून उणे १९६ पर्यंत नेले की मीटरमागे साधारण ३ मिलिमीटर आखडते. टेफ्लॉन त्याच प्रवासात सुमारे २ टक्के आखडते. १०० मिलिमीटर व्यासाची टेफ्लॉनची रिंग २ मिलिमीटरने लहान होते आणि ती ज्या खाचेत बसली आहे ती खाच फक्त ०.३ मिलिमीटरने. बाहेरच्या अंगाने सील करणारी रिंग खाचेच्या भिंतीपासून सुटते. तिथे आतून स्टीलची स्प्रिंग दाबून धरणारे सीलच लागते. नायट्राइल रबराच्या ओ-रिंगचा तर विचारच नको. उणे ४० च्या आसपास ती कडक होते आणि पुढे काचेसारखी तडकते.

आणखी एक उदाहरण, कारण ही चूक ड्रॉइंगवर दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या फ्लँजना स्टेनलेसचे बोल्ट लावतात. ॲल्युमिनियम ०.३९ टक्के आखडते, स्टेनलेस ०.२८ टक्के. दोन फ्लँजची मिळून जाडी ५० मिलिमीटर धरली तर फरक पडतो ०.०५५ मिलिमीटरचा. वाचायला क्षुल्लक वाटते. पण ५० मिलिमीटर पकड-लांबीचा बोल्ट ४०० मेगापास्कल ताणापर्यंत आवळला तर तो ताणला जातो फक्त ०.१ मिलिमीटर. म्हणजे टॉर्क रेंचने मोजूनमापून दिलेली अर्ध्याहून अधिक पकड थंडीत आपोआप जाते. तपासणीच्या वेळी जोड पुन्हा गरम झालेला असतो, बोल्ट घट्ट लागतो आणि दोष सापडत नाही. उपाय सोपा आहे : बोल्टखाली बेलव्हिल (बशीसारख्या, स्प्रिंगचे काम करणाऱ्या) वॉशरची थप्पी द्यायची, म्हणजे सैल पडलेली जागा ती स्प्रिंग भरून काढते. पण किती वॉशर, कोणत्या दिशेने, हे गार अवस्थेत गळती मोजूनच ठरते.

नायट्रोजन निवडण्याचे कारण इथेच आहे. द्रव नायट्रोजन उणे १९५.८ अंशांवर उकळतो, मिथेन आणि ऑक्सिजन या दोघांपेक्षाही जास्त गार. आखडण्याची आणि ठिसूळपणाची जी परीक्षा तिथे पास झाली ती मिथेनच्या तापमानालाही पास. तो जळत नाही आणि जाळतही नाही. प्रवाहाचे मापही त्यावर करता येते : दाबातला फरक आणि छिद्र तेच ठेवले तर वस्तुमानाचा प्रवाह घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. द्रव नायट्रोजनची घनता घनमीटरला ८०७ किलो, मिथेनची ४२२. नायट्रोजनवर सेकंदाला १ किलो देणारा इंजेक्टर मिथेनवर सुमारे ०.७२ किलो देईल आणि ऑक्सिजनच्या बाजूचा असेल तर १.१९ किलो. अट एवढीच की छिद्रात नायट्रोजन उकळता कामा नये. त्यासाठी पुरवठ्याचा दाब त्याच्या बाष्पदाबाच्या बराच वर ठेवावा लागतो. रन टँकमध्ये, म्हणजे चाचणीला द्रव पुरवणाऱ्या टाकीत, दाब द्यायला नायट्रोजन वायूच वापरला तर तो द्रवाच्या पृष्ठभागावर विरतो, वरचा थर तापवतो आणि शेवटच्या काही सेकंदांची मापे बिघडवतो. लांब चाचणीला हेलियम घ्यावाच लागेल, छोट्या चाचणीला नायट्रोजन चालतो.

केंद्रात काय हवे? साधारण ६,००० लिटरची निर्वात आवरणाची साठवण टाकी, ५०० लिटरची २५ बारची रन टँक, हेलियम मास स्पेक्ट्रोमीटर लीक डिटेक्टर (सूक्ष्म गळती शोधणारे यंत्र), दाबासाठी सिलिंडरची बँक, तापमान-दाब-प्रवाहाची नोंद ठेवणारी यंत्रणा आणि शेजारी आयएसओ ८ दर्जाची (हवेतल्या धूलिकणांवर मर्यादा असलेली) स्वच्छ खोली. द्रव नायट्रोजन टँकरने येतो आणि या पट्ट्यातल्या उद्योगांना तो नवा नाही. २० किलोचा स्टीलचा व्हॉल्व्ह खोलीच्या तापमानावरून पूर्ण गार करायला हिशोबाने १०-११ लिटर लागतात. पाइप गार करणे आणि वाया जाणारी वाफ धरून दुप्पट समजा. गरम-गारच्या दहा फेऱ्यांची चाचणीही सव्वादोनशे लिटरच्या आत बसते.

धोके आहेत आणि ते लपवण्यासारखे नाहीत. सगळ्यात मोठा धोका गुदमरण्याचा. १ लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. दहा बाय आठ मीटरच्या, पाच मीटर उंच बंद खोलीत १०० लिटर सांडले तर हवेतला ऑक्सिजन २१ वरून साडेसतराच्या आसपास येतो, आणि जमिनीलगत, जिथे गार वायू साचतो, तिथे त्याहून कितीतरी खाली. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि माणसाला धाप लागत नाही. तो सरळ कोसळतो. म्हणून चाचणीचा ओटा तीन बाजूंनी उघडा, छप्पर पत्र्याचे, आणि ऑक्सिजन मापक गुडघ्याच्या उंचीवरही हवेत, नुसते डोक्याच्या नाही. १९.५ टक्क्यांना भोंगा वाजला पाहिजे. जवळपास तळघर, केबलचा चर किंवा गटाराचे तोंड नको.

दुसरा धोका बऱ्याच अभियंत्यांच्याही ध्यानात येत नाही. उष्णतारोधक आवरण नसलेल्या पाइपातून द्रव नायट्रोजन वाहत असेल तर बाहेरची हवाच पाइपावर द्रवरूप होऊन ठिबकू लागते, आणि त्या थेंबांत निम्मा ऑक्सिजन असतो. खाली डांबरी जमीन, लाकडी पॅलेट किंवा तेलकट चिंध्या असतील तर आग लागायला तेवढे पुरते. जमीन काँक्रीटची, पाइपाखाली स्टीलची पन्हळ आणि ओट्याच्या दहा मीटरांत तेल-ग्रीस नाही, हे नियम पहिल्या दिवसापासून.

तिसरा : दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलेला द्रव. तो तापला की दाब शेकडो बारच्या वर जातो आणि पाइप फुटतो. अशा प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह हवा. बॉल व्हॉल्व्हच्या पोकळीतही द्रव अडकतो, म्हणून क्रायोजेनिक बॉलला एका बाजूने बारीक छिद्र पाडलेले असते. असा व्हॉल्व्ह एकाच दिशेने बंद धरतो. बाण न पाहता उलटा बसवला की तो ‘खराब’ निघतो आणि बदलला जातो, खरे तर तो चांगला असतो. त्याची लांब मान उभीच ठेवायची, फार तर ४५ अंश कलती. आडवी केली तर द्रव पॅकिंगपर्यंत पोहोचतो, पॅकिंग गोठते आणि दांडा अडकतो.

आता कारखानदार मित्रांनो, तुमच्याशी. मशीनिंग तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. या कामात ऑर्डर हातची जाते ती मुख्यतः स्वच्छतेवर आणि कागदांवर. ऑक्सिजनच्या वाटेवरच्या भागात तेलाचा पातळ थर राहिला तर तो इंधनाचे काम करतो. दाबाच्या धक्क्याने पेटतो आणि मग खुद्द स्टील जळते. गंधकयुक्त कटिंग ऑइल टाळा. त्यानंतरची धुलाई ठरलेल्या क्रमानेच : द्रावकाने तेल काढणे, कोमट अल्कली डिटर्जंटमध्ये अल्ट्रासॉनिक, डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने खळबळणे, कोरड्या गाळलेल्या नायट्रोजनने वाळवणे, काळोखात अतिनील दिव्याखाली पाहणे आणि लगेच दुहेरी पिशवीत बंद. अतिनीलखाली सगळीच तेले चमकत नाहीत, म्हणून पांढऱ्या कापडाची पुसून-चाचणी आणि पाण्याचा थर तुटतो का हे पाहणेही करायचे. नळाचे किंवा बोअरचे पाणी शेवटच्या धुलाईला चालणार नाही. त्यातले क्लोराइड स्टेनलेसला टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते, आणि खाडीच्या वाऱ्यात ठेवलेल्या उघड्या भागांचे तेच होते. माइल्ड स्टीलवर वापरलेला ग्राइंडर, फाइल किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू नका. त्याचे लोहकण रुततात आणि गंज तिथून सुरू होतो. प्रत्येक तुकड्याचा हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) कच्च्या मालाच्या दाखल्यापासून शेवटच्या पिशवीपर्यंत हरवता कामा नये. ती साखळी मधेच तुटली तर भाग कितीही अचूक असला तरी भंगारात जातो.

इथला पावसाळा हा वेगळा विषय आहे. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी असते. ५०० लिटरची टाकी त्या हवेने भरलेली असताना गार करायला घेतली तर १३ ग्रॅम पाण्याचा बर्फ होतो आणि तो नेमका फिल्टरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. बर्फाचा एक खडा मऊ सीलवर दाबला गेला की त्याचा ओरखडा कायमचा. बर्फ वितळून जातो, पुरावा उरत नाही आणि दोष सीलच्या पुरवठादारावर येतो. यावर उपाय दाब-फेरीचा : कोरडा नायट्रोजन ५ बार निरपेक्ष दाबापर्यंत भरायचा, १ बारपर्यंत सोडायचा. प्रत्येक फेरीत ओलावा पाचव्या हिश्श्यावर येतो, पाच फेऱ्यांत ३,१२५ पट कमी होतो. भिंतींना चिकटलेला ओलावा मात्र हळूहळू सुटत राहतो, म्हणून हिशोबावर न थांबता बाहेर पडणाऱ्या वायूचा दवबिंदू (ज्या तापमानाला त्यातला ओलावा दव धरतो) मोजा. तो उणे ४० च्या खाली दहा मिनिटे टिकला तरच गार करायला सुरुवात.

काही जण विचारतील, घराघरांत पाइपने गॅस येतो, मग मिथेन आणूनच चाचणी का नको? घरगुती गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. मर्कॅप्टनमध्ये गंधक असते, आणि इंजिनाची आतली भिंत तांब्याच्या मिश्रधातूची असते. गंधक तिच्या वाहिन्यांत सल्फाइड धरवते. टँकरच्या द्रव वायूत तो वास नसतो, पण इथेन, प्रोपेन वगैरे असतात आणि टाकीतून मिथेन आधी उडत गेल्याने उरलेल्या द्रवाची घडण आठवड्यागणिक बदलते. चाचणीची मापे मग एकमेकांशी जुळत नाहीत. आणि सुरक्षेचे कारण सगळ्यांच्या वर आहे. नुकतीच सांडलेली मिथेनची वाफ इतकी गार असते की हवेपेक्षा जड होऊन जमिनीवरून सरपटते, तिला वास नसतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के असताना ती पेट घेते. द्रव मिथेन द्रव ऑक्सिजनमध्ये पूर्ण मिसळते आणि ते मिश्रण धक्क्यानेही स्फोट पावू शकते. रबाळे, महापे, तुर्भे इथे भिंतीला भिंत लागून कारखाने आहेत आणि पलीकडे वस्ती. मिथेनची ज्वलन चाचणी तमिळनाडूतल्या इस्रोच्या महेंद्रगिरी केंद्रासारख्या मोकळ्या, राखीव जागेतच व्हावी. तशी मागणी इथे कोणी केली तर आम्ही तिला विरोध करू.

महामंडळाकडून नेमके काय हवे, ते असे. टीटीसीत एक कोपऱ्याचा भूखंड, ज्याच्या किमान दोन बाजू मोकळ्या आहेत आणि टँकर उलटा न घेता आत येऊन बाहेर पडू शकतो. सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास योजनेतून सामायिक सुविधा केंद्राचा प्रस्ताव महामंडळाने स्वतः पुढाकार घेऊन तयार करावा. एकट्या गाळेवाल्याला तो पेलणारा नाही. हजार लिटरवरच्या दाबपात्रांना पेसोचे (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे) नियम लागू होतात आणि पेसोचे पश्चिम विभागाचे कार्यालय बेलापूरच्या सीजीओ संकुलातच आहे. आराखडा कागदावर असतानाच त्यांना आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला सोबत घ्यावे, टाकी बसवून झाल्यावर नाही. केंद्राची मोजणी उपकरणे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून अंशांकित असावीत, नाहीतर इथला दाखला खरेदीदार मानणार नाही. चाचणीचे दर तासावर ठरवावेत आणि फलकावर लावावेत. ज्याचा भाग नापास होईल त्याला पूर्ण नोंदी मिळाव्यात : कोणत्या तापमानाला, कोणत्या फेरीत, किती गळती. नुसता ‘नापास’ असा शिक्का मारून भाग परत दिला तर कोणालाच सुधारणा करता येत नाही.

भूखंडाचा आकार, पाइपांची मांडणी आणि सुरक्षित अंतरे दाखवणारा कच्चा आराखडा आम्ही विनामोबदला करून देऊ. महामंडळाने त्यासाठी महापे किंवा वागळे इस्टेटच्या कार्यालयात एक बैठक लावावी. पावसाळ्याआधी झाली तर ओट्याचे काँक्रीट दिवाळीपर्यंत होऊ शकेल.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील क्रायोजेनिक, वेल्डिंग आणि अचूक यंत्रकाम क्षेत्रातील काही अभियंते